दोन फुलपात्री पाणी आणि एक रॉकेट

"आई, तुझी ती तुटलेली चप्पल फेकलीस का गं?"

एप्रिल महिना, टळटळीत दुपार. लग्नसराई असल्यामुळे माझी मान मशीनवरून वर होत नव्हती. संध्याकाळपर्यंत सात ब्लाउज द्यायचे होते, त्यातल्या दोघींना तर मागे लटकनही पाहिजे होते. त्यात ही चप्पल विचारायला आलेली! मी न बघताच म्हटलं, "जिन्याखाली असेल. कशाला पाहिजे?"

"रॉकेटला."

मैत्रिणींनो, घरात आठवीची परीक्षा देऊन मोकळी झालेली मुलगी असली की काय काय ऐकावं लागतं हे तुम्हाला सांगायला नको. मी आपली 'बरं' म्हणून पुन्हा हुक लावायला लागले. थोड्या वेळाने पाणी प्यायला उठले तर ओसरीत भंगारवाल्याची गाडी रिकामी केल्यासारखा पसारा. कोल्ड्रिंकची सव्वा लिटरची रिकामी बाटली, गोडेतेलाचा पाच लिटरचा कॅन, सायकलच्या फुटक्या ट्यूबमधून कापून काढलेली पितळी नळी, महाशिवरात्रीच्या जत्रेत धाकट्याला घेतलेला आणि दुसऱ्याच दिवशी चिरलेला प्लॅस्टिकचा चेंडू, माझी चिकटपट्टी आणि मधोमध माझी चप्पल, तिचा पुढचा अंगठा कापून काढलेला!

रागवणारच होते. पण तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि डिसेंबरातली एक संध्याकाळ आठवली.

डिसेंबरात शाळेत विज्ञान प्रदर्शन होतं. कोणती शाळा ते सांगत नाही, कारण मला वाटतं ही गोष्ट कोणत्याही शाळेत घडू शकते. पाच मुलांचा गट पाडला, चार मुलगे आणि ही एकटी. विषय रॉकेट. विषय हिनेच सुचवलेला. पण पहिल्याच दिवशी कामाची वाटणी झाली ती अशी, की मॉडेल मुलं करतील. हिचं अक्षर चांगलं आहे तर ही चार्ट लिहील आणि टेबलापुढे रांगोळी काढेल. झालं! लेकीने चार रात्री जागून चार्ट केला. रॉकेटचे सगळे भाग रंगवून, नावं लिहून. रांगोळीही काढली. प्रदर्शनाच्या दिवशी पाहुण्यांनी प्रश्न विचारले ते मुलांना. एकाचं उत्तर चुकलं. हिला बरोबर उत्तर येत होतं, पण ही रांगोळीच्या पलीकडे उभी होती.

घरी येऊन ती काही रडली-बिडली नाही. जेवताना एवढंच म्हणाली, "मला पंप मारू पण दिला नाही."

आणि मी काय म्हणाले? "जाऊ दे."

हे 'जाऊ दे' फार वाईट असतं बायांनो. मला माझ्या वडिलांनी म्हटलेलं, बारावी सायन्सला चांगले मार्क पडून पुढे नांदेडला शिकायला पाठवायचं राहिलं तेव्हा. त्यांच्या आवाजात माया होती, म्हणून तर मी ते मुकाट्याने ऐकलं. आणि तेच वाक्य माझ्या तोंडातून, त्याच मायेने, लेकीच्या ताटात पडलं होतं.

म्हणून त्या दुपारी मी चपलेबद्दल काही बोलले नाही. उलट विचारलं, "दुसरी पण देऊ का?"

आता हे रॉकेट म्हणजे काय, ते आधी सांगते. दिवाळीत आपण बाटलीत बाण ठेवून उडवतो ना, त्याच्या उलट. इथे बाटलीच उडते. बाटलीत थोडं पाणी घालायचं, तोंडाला घट्ट बूच बसवायचं, बाटली उलटी उभी करायची आणि बुचातून सायकलच्या पंपाने हवा भरत राहायचं. आतला दाब वाढत वाढत इतका होतो की बूच सुटतं, पाणी खाली जोरात फेकलं जातं आणि बाटली वर जाते. आग नाही, दारू नाही, धूर नाही.

का वर जाते? माझी लेक मला न्यूटनचा नियम सांगायला लागली. मी म्हटलं, थांब, मला माहीत आहे. शेतात मोटार चालू केल्यावर पाइपाचं तोंड कोणी धरलेलं नसेल तर तो सापासारखा कसा मागे उसळतो? पाणी पुढे, पाइप मागे. बस, तेच. बाटलीतून पाणी खाली, म्हणून बाटली वर. मोठ्या रॉकेटमध्ये पाण्याऐवजी जळलेल्या इंधनाचा वायू खाली जातो, एवढाच फरक. आणि ते रॉकेट खालच्या हवेला रेटून वर जातं असं नाही, बरं का. मलाही इतकी वर्षं तसंच वाटायचं. तसं असतं तर वर जिथे हवाच नाही तिथे ते कशाला रेटणार होतं?

बाटली मात्र कोल्ड्रिंकचीच पाहिजे. त्यात मुळात गॅसचा दाब सहन करायची ताकद असते. पाण्याची बाटली पातळ असते, ती चालत नाही. बाटलीला ओरखडे, चीर, पोचा नको. काचेची तर नावच काढू नका.

खरी मेहनत झाली ती बुचाची. चपलेच्या रबराचा तुकडा ब्लेडने तासून तासून बाटलीच्या तोंडात बसेल असा निमुळता करायचा. हे काम मी केलं, कारण ब्लेड तिच्या हातात द्यायची माझी हिंमत नव्हती. मग दाभण तापवून त्यात आरपार भोक पाडलं आणि सायकलच्या ट्यूबची ती पितळी नळी त्यातून घुसवून नट आवळला. आमच्या वळणावरच्या पंक्चरवाल्या दादांनी नळीच्या आतली छोटी रबरी नळी नवी घालून दिली. नाहीतर हवा जाते पण थांबत नाही. त्यांनी आधी दोनदा विचारलं, "ताई, सायकल कुठाय?" सगळं ऐकल्यावर कॉम्प्रेसरच्या जुन्या नळीचा दोन मीटरचा तुकडाही दिला आणि दोन्ही तोंडं बसवून दिली, म्हणजे पंप मारणाऱ्याला बाटलीजवळ उभं राहावं लागत नाही. पैसे घेतले नाहीत. "उडलं की सांगा" म्हणाले.

त्याआधी लेकीने फवारणीच्या बिघडलेल्या पंपाची नळी शोधून आणली होती. ती मी लगेच हातातून काढून घेतली आणि तिला साबणाने कोपरापर्यंत हात धुवायला लावले. ज्यांच्या घरी शेती आहे त्यांना कारण सांगायला नकोच. विषाची नळी धुतली तरी विषाचीच.

मग पंख. बाटलीला खाली तीन किंवा चार पंख लागतात. पुठ्ठ्याचे केले तर पहिल्याच पाण्यात भिजून माना टाकतात, म्हणून तेलाच्या कॅनचं प्लॅस्टिक. लेकीने अंदाजाने एक कापला, दुसरा कापला, दोन्ही वेगवेगळे. तिथे माझा जीव राहीना. मी म्हटलं, आधी पेपर कटिंग कर! अगं, ब्लाउजच्या दोन बाह्या मी कधी अंदाजाने कापते का? वर्तमानपत्रावर एक खाका काढला, तो ठेवून चारही पंख एकसारखे कापले, बाटलीभोवती टेप गुंडाळून घेर मोजला, त्याचे चार भाग करून खुणा केल्या आणि चिकटपट्टीने पंख बसवले. गरम करून चिकटवायचा गोंद लावू नये, उष्णतेने बाटली तिथे कमजोर होते. माझ्या पंधरा वर्षांच्या शिवणकामाचा रॉकेटला उपयोग होईल असं मला कोणी सांगितलं असतं तर मी हसले असते.

टोकाला अर्धा चेंडू, त्यात चिकणमातीचा गोळा. मला वाटलं, वर जायचं तर डोकं हलकं पाहिजे. पण नाही, डोकं जड आणि शेपूट रुंद, असं पाहिजे. बॅडमिंटनचं फूल बघा, कसंही टोलवा, बुडाकडची जड बाजू पुढे करूनच जातं. दिवाळीच्या बाणाला मागे लांब काडी असते ती उगीच नसते. काडी काढली तर तो कोणाच्याही घरात शिरतो.

आता सासूबाईंविषयी सांगायला हवं.

सासूबाई दोन दिवस हे सगळं सुपारी कातरत बघत होत्या. काही बोलल्या नाहीत. पण लेक हंड्यातून पाणी घेऊन बाटलीत ओतायला लागली तेव्हा अडकित्ता थांबला. "काय करायलीस गं माय? पिण्याचं पाणी कामून सांडायलीस?"

त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. आमच्या भागातल्या बाईला पाणी कधी फुकट मिळालेलं नाही. सासूबाईंची अर्धी हयात आडावर आणि नदीच्या झऱ्यावर गेली. इकडे हिमायतनगरात, म्हणजे जुन्या माणसांच्या तोंडी अजून वाढोण्यात, उन्हाळा आला की आम्ही भांडी घासलेलं पाणीही झाडाला घालतो. आणि लातूरला तर एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, प्रत्येकी पन्नास हजार लिटर. टीव्हीवर ती गाडी बघताना सासूबाईंनी हात जोडले होते. अशा घरात एक मुलगी पाणी हवेत उडवणार म्हणते!

लेक गप्प झाली. मला वाटलं, आता हीच म्हणेल 'जाऊ दे'. पण ती म्हणाली, "आजी, किती पाणी देशील? तेवढ्यातच करते."

सासूबाईंनी विचार केला. "दोन फुलपात्री. आन् पिण्याचं नाही, वापरायचं घे."

गंमत बघा, तिला लागत होतं ते तेवढंच! सव्वा लिटरच्या बाटलीला साधारण तिसरा हिस्सा पाणी, म्हणजे चारशे मिली. दोन फुलपात्री.

पहिला प्रयोग गच्चीवर. अंगण लहान म्हणून गच्ची, आणि हाच मूर्खपणा झाला. तीन विटांच्या मध्ये बाटली उलटी उभी केली, लेकीने पंप मारायला सुरुवात केली. वीस वेळा मारला, बुचाच्या कडेने पाणी झिरपून विटा भिजल्या, हवा सगळी बाहेर. रॉकेट जागचं हललं नाही. बूच पुन्हा काढून मी त्याला सायकलच्या ट्यूबच्या रबराची पट्टी गुंडाळली. दुसऱ्या वेळी झिरपलं नाही. दाब चढला, चढला आणि एक वीट सरकली. बाटली आडवी झाली आणि त्याच क्षणी बूच सुटलं!

गच्चीच्या दुसऱ्या टोकाला माझ्या कुरडया वाळत होत्या. तीन दिवस गहू भिजवून, चीक काढून, पहाटे उठून घातलेल्या. रॉकेट जुन्या धोतरावरून सरपटत त्या सगळ्या ओळी मोडत पार कठड्याला जाऊन आदळलं.

मी काय बोलले ते इथे छापण्यासारखं नाही. मात्र रात्री मोडक्या कुरडया तळल्या तर चव तीच होती, हेही कबूल करते.

यातून एक गोष्ट पक्की झाली, रॉकेट घराजवळ उडवायचं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन चढायच्या आत आम्ही दिरांच्या शेतातल्या बांधाजवळच्या पडीक तुकड्यात गेलो. विटांऐवजी जमिनीत चार काठ्या घट्ट रोवल्या, बाटली त्यात उभी धरली जाईल अशा. नळी लांब होती म्हणून पंप सहा पावलांवर. लेकीने नियम केला, हवा भरायला लागली की कोणी बाटलीजवळ जायचं नाही, वाकून बघायचं नाही, 'का उडेना' म्हणून हात लावायचा नाही. उडालं नाही तर आधी दाब उतरू द्यायचा, मगच पुढे.

आणि ते उडालं. पण सरळ नाही, चार माणसं उंच जाऊन पतंगासारखं गिरक्या घेत खाली. टोकाचा मातीचा गोळा आदल्या दिवशीच्या धडकेत पडून गेला होता, ते कोणाच्या लक्षात नव्हतं. नवी माती घातली, बाटली बोटावर तोलून बघितली. तोल जिथे साधतो तिथे दोरा बांधून डोक्याभोवती गरगर फिरवली, तर टोक पुढे ठेवूनच फिरली. म्हणजे बरोबर.

चौथ्या वेळी पंपाचे चौदा की पंधरा दट्टे झाले असतील. 'फट्' असा आवाज झाला, पाण्याचा पांढरा झोत जमिनीवर आपटला आणि बाटली दिसेनाशीच झाली. मी खाली बघत होते आणि लेक वर. "आई, वर! वर बघ!" बांधावरच्या लिंबाच्या शेंड्याच्या वर, उन्हात चमकत. अक्षरशः डोळ्याचं पातं लवेपर्यंत पाणी संपतं. त्यापुढे ते नुसतं मिळालेल्या वेगावर जात असतं. मग क्षणभर थांबल्यासारखं वाटतं आणि टोक खाली करून परत येतं.

धाकटा ओरडत पळत सुटला. मी मात्र लेकीकडे बघत होते. पंपाची मूठ अजून तिच्या हातातच होती.

त्या दिवसापासून रोज सकाळी आमचं हेच. तिने शाळेच्या वहीच्या मागच्या पानावर रकाने आखले. पाण्याशिवाय किती जातं, एका फुलपात्राला किती, दोनला, चारला, आणि भरून टाकलं तर किती. नुसत्या हवेवर बाटली 'फुस्स' करून जेमतेम डोक्याएवढी गेली. काठोकाठ भरली तर दाबायला हवाच राहिली नाही, जागच्या जागी ओकली आणि पडली. चार फुलपात्र्यांना जड झाली. दोनलाच सगळ्यात उंच. ती म्हणाली, "हवा म्हणजे स्प्रिंग आहे आणि पाणी म्हणजे फेकायचा दगड. दोन्हीला जागा पाहिजे." हे तिला कोणी सांगितलं नव्हतं.

पण 'सगळ्यात उंच' म्हणजे किती? इथे परत माझी टेप कामाला आली. शिवणाची टेप दीडशे सेंटीमीटरची, ती दहा वेळा टाकली की पंधरा मीटर. रॉकेटपासून तेवढ्या अंतरावर मी उभी राहिले. हातात तिच्या कंपासपेटीतला कोनमापक, त्याच्या मध्याला दोरा आणि दोऱ्याला एक शर्टाचं बटण. कोनमापकाच्या सरळ कडेवरून रॉकेटच्या वरच्या टोकावर नजर धरायची आणि बटणाचा दोरा कुठे लोंबतोय ते बघायचं. त्यावरून आपण किती अंश वर बघतोय ते कळतं. पंचेचाळीस आलं, तर रॉकेटची उंची आपल्या अंतराएवढीच, म्हणजे पंधरा मीटर. त्यात माझ्या डोळ्यांपर्यंतची उंची मिळवायची, जवळजवळ दीड मीटर. झाले साडेसोळा.

पंचेचाळीसलाच का? ज्या शिवतात त्यांना लगेच कळेल. चौकोनी कापड कोपऱ्यावर कोपरा ठेवून घडी घालतो आणि उरेब पट्टी काढतो ना, तो कोन. त्या घडीत उभी बाजू आणि आडवी बाजू सारखीच असते. दहावीला भूमितीत मी हे पाठ केलं होतं, आणि नंतर इतकी वर्षं हाताने करत आले, पण दोन्ही एकच आहेत हे त्या बांधावर उभी असताना कळलं.

एका रात्री लेकीने मला कलामांच्या 'अग्निपंख'मधला एक भाग वाचून दाखवला. केरळात थुंबा नावाचं कोळ्यांचं गाव आहे. तिथून २१ नोव्हेंबर १९६३ ला आपल्या देशातलं पहिलं अवकाश संशोधनाचं रॉकेट उडालं. रॉकेट अमेरिकेने दिलेलं. इमारती नव्हत्याच; तिथल्या चर्चमध्ये रॉकेटची जुळणी, बिशपच्या घरात ऑफिस. रॉकेट उचलणाऱ्या क्रेनचं तेल ऐन वेळी गळायला लागलं, तेव्हा माणसांनी हाताने जोर लावून ते जागेवर बसवलं. हे ऐकून मला आमचं झिरपणारं बूच आठवलं आणि जरा बरंच वाटलं! त्या दिवशी उलटी मोजणी करणारे तरुण इंजिनीअर होते प्रमोद काळे, पुण्यात जन्मलेले. थुंब्याला सायकलच्या कॅरिअरवर रॉकेटचं टोक ठेवून चाललेली माणसं, हा फोटोही तुम्ही कुठेतरी पाहिला असेल. तो १९६६ मध्ये फ्रान्सच्या कार्तिए-ब्रेसाँ या छायाचित्रकाराने काढला.

तसाच दुसरा फोटो बैलगाडीवर ठेवलेल्या 'ॲपल' उपग्रहाचा, १९८१ चा. तो बघून पुष्कळ जण आपल्या गरिबीवर हळहळतात. पण बैलगाडी मुद्दाम आणली होती. उपग्रहाच्या अँटेनाची चाचणी घ्यायची होती आणि त्याच्याखाली लोखंड-पत्रा नको होता. लाकडाची बैलगाडी त्या कामाला ट्रकपेक्षा चांगली! आपल्याकडे जे आहे त्यातून नेमकं काय निवडायचं हे कळणं, याला मी जुगाड म्हणणार नाही. तो शब्द मला आवडतही नाही, त्यात कामचलाऊपणाचा वास येतो.

सासऱ्यांना या सगळ्यात एकच नाव ओळखीचं निघालं, वसंत गोवारीकर. "ते पावसाचे ना?" बरोबर! पाऊस कसा पडेल हे सांगणारं सोळा घटकांचं मॉडेल १९८८ मध्ये आलं ते गोवारीकरांचं. त्या नावावर आमच्याकडे पेरणीचे बेत ठरायचे. पण हेच गोवारीकर त्याआधी कित्येक वर्षं थुंब्याला रॉकेटच्या घन इंधनावर काम करत होते. १८ जुलै १९८० ला एसएलव्ही-३ ने रोहिणी उपग्रह कक्षेत सोडला तेव्हा ते तिथल्या विक्रम साराभाई अवकाश केंद्राचे संचालक होते. सासरे दोन दिवस भेटेल त्याला हे सांगत होते. आणि चांद्रयान-३ ला १४ जुलै २०२३ ला घेऊन गेलेल्या एलव्हीएम-३ जातीच्या रॉकेटना दोन्ही बाजूंना जे जाड पांढरे खांब असतात, त्यांच्या कवचाचे भाग पुणे जिल्ह्यातल्या वालचंदनगरला बनतात. साखर कारखान्याचं गाव म्हणून आपल्याला माहीत असलेलं ते वालचंदनगर!

लेकीच्या अभ्यासाच्या टेबलावर मात्र वेगळा फोटो चिकटवला आहे, २४ सप्टेंबर २०१४ चा. मंगळयान मंगळाच्या कक्षेत पोचलं तेव्हा बंगळूरला इस्रोमधल्या बायका हसतायत, एकमेकींना टाळ्या देतायत. अंगावर जरीकाठाच्या साड्या, केसांत गजरे. मी पहिल्यांदा तो पाहिला तेव्हा माझं लक्ष, खोटं कशाला बोलू, ब्लाउजच्या शिवणीकडे गेलं होतं. लेकीचं कुठे गेलं ते ती सांगत नाही.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगते. मुलांना रॉकेटचं वेड लागलं की पुढची पायरी फटाके फोडून दारू गोळा करण्याची असते. ती होऊ देऊ नका. माझ्या माहेरच्या गल्लीतल्या एका मुलाची उजव्या हाताची दोन बोटं अशीच गेली. पाणी आणि हवा यांत शिकायला इतकं आहे की वर्ष पुरत नाही. ज्यांना आणखी करून बघायचं आहे त्यांनी अरविंद गुप्ता यांची खेळणी जरूर बघावीत. कानपूर आयआयटीत शिकलेला हा इंजिनीअर आयुष्यभर काडेपेट्या, रबरी नळ्या, झाकणं, बाटल्या यांतून विज्ञानाची खेळणी करत आला. पुण्याला आयुकातल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी अनेक वर्षं काम केलं. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांची पुस्तकं आणि छोट्या फिती इंटरनेटवर फुकट आहेत, मराठीतही आहेत. मोबाइलवर मुलं काय बघतात ही आपली तक्रार असतेच, तर हे लावून द्या.

मेच्या शेवटाला गल्लीतल्या आणखी चार मुली यायला लागल्या. एकीने सलाइनच्या बाटलीचं रबरी बूच आणलं होतं, ते मी परत पाठवलं. दवाखान्यातलं काही घ्यायचं नाही. एकीच्या आईने निरोप धाडला, "पोरीच्या जातीला हे कशाला?" दोन दिवसांनी त्या स्वतःच ब्लाउजचं माप द्यायच्या निमित्ताने आल्या आणि पाऊण तास वही बघत बसल्या.

सासूबाई मात्र शेतात येत नव्हत्या. अखेर एका रविवारी लेकीने हट्टच धरला. त्यांनी अट घातली, पाणी वाया गेलेलं दिसता कामा नये. मग काठ्या तिथून उपटून बांधावरच्या शेवग्याच्या रोपापाशी रोवल्या, म्हणजे झोत पडेल तो त्याच्या आळ्यात. सासूबाई छत्री घेऊन सहा पावलांवर उभ्या राहिल्या. लेक म्हणाली, "आजी, आज तू मोज. दहापासून उलटं."

"उलटं कामून?"

याचंही उत्तर तिच्याकडे होतं. १९२९ मध्ये जर्मनीत चंद्रावर जाण्याच्या गोष्टीचा एक मूकपट निघाला होता, त्यात दिग्दर्शकाने लोकांची उत्कंठा वाढावी म्हणून रॉकेट सुटताना उलटे आकडे दाखवले, तेव्हापासून ती रीत पडली म्हणतात. सासूबाईंना ते काही फारसं पटलं नाही. त्यांचा हिशेब विसाचा, एक वीस, दोन वीस. उलटं त्यांनी कधी मोजलेलं नाही. तरी सुरुवात केली. "धा... नऊ... आठ..." लेक पंप मारत होती. "सात..." इथे त्या अडकल्या. सातच्या आधी काय, ते वर आकाशात बघून आठवत असतानाच बूच सुटलं. आमच्या चपलेच्या बुचाला मोजणीचं काही देणंघेणं नाही, त्याला जेव्हा सुटायचं तेव्हा ते सुटतं.

फट्! पाण्याचे शिंतोडे थेट छत्रीपर्यंत. सासूबाईंचा पदर भिजला. रॉकेट लिंबाच्या वर गेलं, क्षणभर थांबलं, आणि दूरच्या सरीत जाऊन पडलं. धाकटा आणायला धावला.

सासूबाईंनी पदर झटकला. आळ्यात वाकून बघितलं, पाणी मुरत होतं. मग लेकीच्या हातातला पंप जरा वेळ न्याहाळला आणि छत्री माझ्याकडे दिली.

"जा, आणिक दोन फुलपात्री आण. आन् हे मला दे, कसं मारायचं दाखीव."